पट्टा खुंटीवर

आमची खोली नायगावच्या बीडीडी चाळीत, १६० चौरस फुटांची. तेवढ्यात मी, नवरा, सासूबाई, चौथीतली मुलगी आणि पहिलीतला मुलगा. मुलाला घरात सगळे छोटू म्हणतात, इथेही तेच लिहिते. गेल्या वर्षी गणपती झाले आणि छोटूचं मारणं, चावणं, हातात येईल ते भिरकावणं इतकं वाढलं की ताईच्या दंडावरचा दातांचा एक वण सुकायच्या आत दुसरा उठायचा.

मी एकदा त्याच्या थोबाडीत मारली होती. पोळ्या करत होते, त्याने ताईचा कंपास गॅलरीतून खाली टाकला, आणि माझा हात उठला. "परत करशील? बोल, परत करशील?" असं ओरडलेही. चार दिवसांनी मी कणीक मळत असताना पाठीमागे फाटकन आवाज आला. छोटूने ताईच्या गालावर मारली होती आणि तो विचारत होता, "परत करशील? बोल, परत करशील?" शब्द माझे, सूर माझा, हात उगारायची पद्धतही माझी. माझे हात कणकेत तसेच राहिले. त्या रात्री ठरवलं, यापुढे हात उचलायचा नाही. पण मग करायचं काय, हे ठाऊक नव्हतं.

मोबाइलवर एका व्हिडिओत टाइम-आउट पाहिलं. मूल चुकलं की कोपऱ्यात बसवायचं, वयाच्या प्रत्येक वर्षाला एक मिनिट, झालं. मी कपाट आणि मोरीच्या मधल्या जागेत स्टूल ठेवलं. पहिल्या संध्याकाळी त्याला तिथे बसवलं तर त्याने जो टाहो फोडला तो गॅलरीच्या टोकापर्यंत गेला. चाळीत संध्याकाळी दारं उघडी असतात. दार लावून घेतलं तर माणसं विचारतात, काय झालं म्हणून. शेजारच्या काकू दारात आल्या, "अगं, का रडवतेस लेकराला?" म्हणाल्या आणि त्याला उचलून आपल्या खोलीत घेऊन गेल्या. परत आला तेव्हा मुठीत चिवडा होता. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझी पाठ वळल्यावर त्याच्या हातात बिस्कीट दिलं. आणि मी स्वतः? सहाच्या सहा मिनिटं त्याच्यासमोर उभी राहून बोलत होते. का मारलंस, ताई तुझी कोण आहे, बाबा आले की सांगते. दोन आठवड्यांत मारणं वाढलं. वर तो ताईला मारून स्वतःच स्टुलावर जाऊन बसायला लागला.

शेवटी परळच्या एका सरकारी रुग्णालयात मुलांच्या वागण्याच्या तक्रारी पाहणारी ओपीडी आहे, तिथे गेलो. केसपेपर, रांग, दोन तास बाकावर. आत गेल्यावर मी मॅडमना सगळं सांगितलं आणि म्हटलं, टाइम-आउट करून पाहिलं, आमच्याकडे लागू पडत नाही.

मॅडमनी विचारलं, "टाइम-आउट कशातून?"

मला प्रश्नच कळला नाही. त्या म्हणाल्या, लोक हे नाव अर्धंच घेतात. पूर्ण नाव आहे प्रबलनातून टाइम-आउट. प्रबलन म्हणजे ज्याच्यामुळे एखादं वागणं टिकतं, वाढतं ते: कुणाचं लक्ष, कौतुक, खेळ, खाऊ, सुटका, काहीही. चांगलं काही चालू असेल तरच त्यातून थोडा वेळ बाहेर काढण्याला अर्थ. "संध्याकाळी सात ते आठ, स्टुलावर जायच्या आधी, त्याला तुमच्याकडून काय मिळत असतं?"

मी गप्प बसले. मी फोर्टमधल्या ऑफिसातून निघते, दादरला उतरून भाजी घेते, सातला घरात शिरते. मग कुकर, अभ्यास, डबे. त्या तासात छोटूला माझ्याकडून मिळायचं ते "लिही", "सरक", "आवाज नको". ज्या आईपासून सहा मिनिटं लांब ठेवायची शिक्षा मी देत होते, ती आई त्याला त्या वेळी मिळतच नव्हती. मारलं की मात्र पूर्ण मिळायची, समोर उभी राहून, डोळ्यांत बघून, सहा मिनिटं. हे मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं आणि रडू आलं.

मॅडमनी शिक्षा या शब्दाचा त्यांच्या शास्त्रातला अर्थ सांगितला, तो मी वहीत लिहून घेतला. वागण्यानंतर असं काही घडलं की ज्यामुळे ते वागणं पुढे कमी झालं, तर ती शिक्षा. आपल्याला किती राग आला, मूल किती रडलं, याच्याशी तिचा संबंध नाही. वागणं कमी झालं नाही तर आपण ज्याला शिक्षा म्हणतो ती शिक्षा नव्हेच. तिचे प्रकार दोन. एकात नकोसं काही वाट्याला येतं, म्हणजे फटका, ओरडा. दुसऱ्यात हवंसं काही जातं. टाइम-आउट या दुसऱ्यातलं, आणि चांगल्या वागण्याबद्दल कमावलेलं टोकन परत द्यावं लागतं ती रिस्पॉन्स कॉस्ट, म्हणजे दंड, तीही यातलीच.

फटक्याबद्दल मी मुद्दाम विचारलं. मला त्या थोबाडीतीचा हिशेब हवा होता. त्यांनी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या १९३८ च्या उंदरांच्या प्रयोगाचं सांगितलं. खाण्यासाठी दांडी दाबायला शिकलेले उंदीर, त्यांचं खाणं येणं बंद केलं. काहींना सुरुवातीची थोडी मिनिटं दांडी दाबली की पंजावर फटका बसेल अशी सोय केली. फटके होते तोवर दाबणं एकदम घटलं. पण फटके थांबल्यावर त्यांनी भरून काढलं, आणि दोन दिवसांच्या अखेरीस फटका खाल्लेले आणि न खाल्लेले उंदीर जवळपास सारख्याच वेळा दांडी दाबून बसले होते. मॅडम लगेच म्हणाल्या, एवढ्यावरून शिक्षेचा कधीच उपयोग नाही असं म्हणता येत नाही, नंतरच्या प्रयोगांत जोरदार शिक्षेचे परिणाम टिकलेलेही दिसले. पण मुलाच्या बाबतीत फटक्याबरोबर भीती येते, मारणाऱ्या माणसापासून लांब पळणं येतं आणि नक्कल येते. नक्कल मी पाहिली होती.

त्या दिवशी कुठलीच शिक्षा लिहून मिळाली नाही. मिळालं ते काम: दोन आठवडे वहीत तीन रकाने भरायचे. आधी काय चाललं होतं, छोटूने काय केलं, नंतर लगेच काय झालं. वागण्यात बदल करायचा प्रयत्न करायचा नाही, फक्त नोंद करायची. याला त्या बेसलाइन म्हणत. ताईला मार बसतोय आणि आपण वहीत लिहितोय, हे मला फार जड गेलं. त्या दोघांना एकत्र एकटं सोडायचं नाही, मारायला लागला की शांतपणे हात धरायचा, एवढी परवानगी होती. पण मी ज्या कुणाला सल्ला देते त्याला हेच सांगते की ही दोन आठवड्यांची वही चुकवू नका. आमचं जे काही सुधारलं ते त्या वहीतून.

दोन आठवड्यांत ५८ नोंदी झाल्या. मॅडमनी लाल पेनाने खुणा केल्या. २६ वेळा आधीच्या रकान्यात असं होतं: मी फोनवर, आजी मालिका बघतायत, मी ताईशी बोलतेय. शेवटच्या रकान्यात: मी धावले, आजी ओरडल्या, काकू आल्या. २४ वेळा आधीच्या रकान्यात गृहपाठाची वही उघडी होती, आणि शेवटच्या रकान्यात माझ्याच अक्षरात एकच वाक्य पुन्हा पुन्हा: स्टुलावर बसवलं, वही बंद. उरलेल्या आठ नोंदी वस्तूंवरून झालेल्या भांडणाच्या.

म्हणजे मारणं एक, कारणं निदान दोन. लक्ष मिळावं म्हणून मारतो तेव्हा लक्ष काढून घेतलं तर उपयोग होईल. पण अभ्यासातून सुटायला मारतो तेव्हा स्टूल ही त्याची सुटका, आणि मी ती रोज त्याच्या हातात देत होते. कारण आधी शोधा, उपाय मग, ही पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये नीट बसवली, असं मॅडम म्हणाल्या. मला नाव नंतर कळलं, पटलं ते लाल खुणा बघून.

शाळेतही हेच चाललं होतं. गणिताचा तास लागला की छोटू शेजारच्याला पेन्सिल टोचायचा, बाई त्याला वर्गाबाहेर उभं करायच्या. बाहेर व्हरांडा, मैदान, मोठ्या मुलांची कवायत. मी भेटायला गेले तर मला ऐकवलं गेलं की आम्ही हात लावत नाही, घरचे संस्कार बघा. सगळ्या वर्गासमोर त्याला "जंगली" म्हटलं होतं, ते मला ताईकडून कळलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं, हे मी तिथे सांगितलं. त्यांना आवडलं नाही. पण साठ मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंची दमणूकही मला दिसत होती, म्हणून भांडण वाढवलं नाही. एकच मागितलं: बाहेर काढू नका, आणि काढलंत तर परत आल्यावर तेच गणित त्याच्याकडून करून घ्या. दुसरा अर्धा त्यांनी मानला.

घरी गृहपाठाच्या वेळी शिक्षा पूर्ण बंद केली. दहा ओळींऐवजी तीन ओळी, मग दोन मिनिटं सुट्टी. आणि मारायच्या ऐवजी म्हणायला एक वाक्य शिकवलं: "थांबू का?" असं विचारलं की खरंच थांबू द्यायचं, पहिल्या आठवड्यात दर वेळी. मारलं तर वही बंद होणार नाही, हात धरून निदान एक ओळ पुरी करायची, मग सुट्टी. पहिल्या दोन दिवसांत त्याने "थांबू का?" तीसेक वेळा म्हटलं असेल. मग कमी झालं. मला हा भाग सगळ्यात सोपा गेला आणि याचं श्रेय कुठल्याही शिक्षेला नाही.

लक्षासाठी मारणं, ते अवघड होतं. खोली एक, कोपरा नाही, दार बंद करायची सोय नाही. मॅडमनी विचार करून सांगितलं की मुलाला बाहेर काढता येत नसेल तर जागेवरच टाइम-आउट करता येतं. १९७८ मध्ये फॉक्स आणि शापिरो यांनी एका विशेष वर्गात मुलांच्या गळ्यात रिबिनी बांधल्या होत्या. रिबीन आहे तोवर थोड्या थोड्या वेळाने खाऊ आणि शाबासकी. वागणं बिघडलं की रिबीन तीन मिनिटं काढून ठेवायची, मूल तिथेच, पण तेवढा वेळ त्याच्याकडे लक्ष नाही आणि खेळात भाग नाही.

आम्ही रिबिनीऐवजी मनगटाचा पट्टा केला. दादरच्या फुटपाथवरून लाल कापडी पट्टा आणला, वेल्क्रोचा. छोटूने स्वतः निवडला. घड्याळ म्हणून क्रॉफर्ड मार्केटमधून किल्लीचा टाइमर आणला, कारण मोबाइलचा टाइमर लावला तर तो मोबाइलच बघत बसायचा. आणि सगळ्यात आधी, पट्टा काढायची पाळी येण्याच्या आधी, सात दिवस फक्त पट्टा घालायचा होता. पट्टा मनगटावर आहे आणि हात स्वतःजवळ आहेत, तर दर चार-पाच मिनिटांनी कुणीतरी त्याच्याशी काहीतरी बोलायचं. मी भाजी चिरताना त्याला शेजारी बसवून मटार सोलायला द्यायला लागले. सासूबाई म्हणायच्या, "माझा राजा, दाखव बघू किती दाणे निघाले." एका शेंगेत नऊ दाणे निघाले तेव्हा त्याने ती शेंग रात्री उशाशी ठेवली होती. मॅडमनी विचारलेल्या "कशातून?"चं उत्तर ते होतं. हा आठवडा झाल्याशिवाय पुढचं करू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं होतं.

मग नियम. मारलं की लगेच, तीनच शब्दांत, "मारलंस. पट्टा खुंटीवर." टाइमर तीन मिनिटं. या तीन मिनिटांत कुणी बोलायचं नाही, बघायचं नाही, समजवायचं नाही. वेळ संपताना तो ओरडत असेल तर काही सेकंद शांत होईपर्यंत थांबायचं. मग पट्टा परत, आणि जे फेकलं असेल ते त्याने उचलायचं. त्यानंतर भाषण नाही. "का केलंस?" नाही. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, तीन मिनिटं फक्त, मग पाहिजे तेवढं जवळ घ्या." त्या म्हणाल्या, "तीन मिनिटं म्हणजे अर्धी मालिका वाटते गं मला." पण त्यांनी पाळलं. मी काकूंकडे आणि गॅलरीतल्या आणखी चार खोल्यांत जाऊन सांगून आले की रडायचा आवाज येईल, मी मारत नाहीये, येऊ नका. काकूंना वाईट वाटलं. त्यांनी ते बोलून दाखवलं. मग म्हणाल्या, पट्टा हातात असेल तेव्हा तर चिवडा देऊ ना? म्हटलं, तेव्हाच द्या.

मॅडमनी आधीच सावध केलं होतं: जे मिळत होतं ते थांबलं की मूल आधी जास्त जोर लावून बघतं. पहिल्या आठवड्यात ३४ नोंदी झाल्या, आधीच्या आठवड्याला सरासरी २९ पेक्षा जास्त. चौथ्या दिवशी खुंटीवर पट्टा गेल्यावर त्याने चाळीस मिनिटं आकांत केला. भिंतीला लाथा, भांड्यांची आदळआपट, मग उलटी. उलटी पुसली, तोंड धुतलं, काही बोलले नाही. नवरा दारात उभा होता, म्हणाला, "बास कर, हे अघोरी आहे." मला तेव्हा तसंच वाटत होतं. मी ते थांबवलं नाही याचं एकच कारण, मॅडमचं वाक्य: एकोणचाळिसाव्या मिनिटाला हार मानलीत तर त्याला कळेल की एकोणचाळीस मिनिटं रडायचं असतं. शांत झाल्यावर पट्टा बांधताना त्याचे हात गार पडले होते. मी त्याला मांडीत घेऊन मटार सोलले.

दुसऱ्या आठवड्यात १९. सहाव्यात ६.

दंडाचं मात्र आमचं फसलं, आणि त्याबद्दल लिहायलाच हवं, कारण मी पाहते, घरोघरी लोक तेच करतात. वस्तूंवरच्या भांडणासाठी मॅडमनी टोकन सुचवली. ही कल्पना १९६० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉयमधल्या एका मनोरुग्णालयात आयलॉन आणि अझरिन यांनी वापरून दाखवली होती: चांगल्या वागण्याला टोकन, टोकन देऊन आवडीची गोष्ट. आम्ही चिंचोके घेतले. हॉर्लिक्सची रिकामी बरणी, आत टाकला की टण् आवाज. मी घाईत अर्धंच ऐकलं. सोमवारी वीस चिंचोके बरणीत घालून दिले आणि चुकलं की एक काढायला लागले. बुधवारी नवऱ्याने, चहा सांडला म्हणून, रागात पाच काढले. चहा सांडणं नियमात नव्हतंच. गुरुवारी सकाळी बरणी रिकामी. छोटूने ती उलटी केली, बुडावर थापटी मारली आणि मला विचारलं, "आता काय घेणार?" त्या दिवशी त्याने ताईची वही फाडली.

त्याचं खरं होतं. जाण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

पुढच्या भेटीत मॅडमनी नियम कागदावर लिहून दिले. आधी कमाई शिकवायची, दंड नंतर. दिवसाला आठ-दहा मिळतील आणि एक-दोन जातील एवढंच प्रमाण. दंडाचं वागणं एकच, आधी सांगितलेलं; रक्कम ठरलेली, रागाप्रमाणे वाढणारी नाही. बरणी शून्याखाली कधीच जाऊ द्यायची नाही, उधारी नाही. ज्या चिंचोक्यांचं काही घेऊन झालंय ते परत मागायचं नाही. आणि जेवण, मांडी, झोपतानाची गोष्ट यांना चिंचोक्यांचा भाव लावायचा नाही. शेवटची ओळ नवऱ्याने मोठ्याने वाचली आणि कागद कपाटाच्या दारावर चिकटवला. त्यानंतर त्याने नियमाबाहेर एकही चिंचोका काढला नाही. दहा चिंचोक्यांना शिवाजी पार्कवर बाबांबरोबर अर्धा तास बॉलिंग, हा सगळ्यात जास्त खपणारा माल ठरला.

ताईचं एक सांगायचं राहिलं. महिन्याभराने तिने विचारलं, "मी कुणाला मारत नाही म्हणून मला काहीच नाही का?" मार खाणाऱ्या मुलीकडे बघायला आम्हाला एवढा वेळ लागला, याचं मला अजून वाईट वाटतं. तिलाही तिने निवडलेली निळी बरणी दिली, आणि शनिवारची दुपार फक्त तिची ठेवली.

आता पट्टा बहुतेक दिवस मनगटावरच असतो, खुंटीवर आठवड्यातून एक-दोनदा जातो. मॅडम म्हणतात, पट्टा हळूहळू काढायचा, आधी सकाळचा, मग संध्याकाळचा. सकाळचा सुटलाय. माहेरी भांडुपला मात्र त्याने मागच्या रविवारी मामेभावाला चावा घेतला. तिथे आमचे नियम कुणाला माहीत नव्हते. मी आधी सांगायला हवं होतं.

मे महिन्यात पाटणजवळ गावी जायचंय. घरात पंचवीस माणसं असतील. सासूबाईंनी मोठ्या जाऊबाईंना फोन करून तीन मिनिटांचं समजावलंय, माझ्यापेक्षा बरं समजावलं. टाइमर बॅगेत टाकलाय. चिंचोके इथेच ठेवतेय, कारण तिकडे परसात चिंचेचं झाड आहे. त्याऐवजी काल परळहून चाळीस मोठी पिवळी बटणं आणली. छोटूने ती मोजून पिशवीत भरली आहेत.